निळ्या थांब्याची कहाणी

"वाडीचं नाव यांच्यापुढं काढायचं नाही. आणि कहाणी ऐकणारा मिळाल्याशिवाय जेवायचं नाही."

सासूबाईंनी दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आणि ट्रंकेचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. बेळगावला नणंदेला डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला होता, त्यामुळं बाळंतपण तिच्याच घरी करायचं होतं. इकडं आप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, हलायचं नाही, वाकायचं नाही, टीव्हीचं नावही काढायचं नाही. एकीकडं नवरा आणि एकीकडं लेक. सासूबाई दारात अडखळल्या तेव्हा आप्पाच आतून म्हणाले होते, "मला काय धाड भरलीय? तू लेकीकडं जा."

वाडीचं नाव का काढायचं नाही, ते मला ठाऊक होतं. आमचे हे तीन वर्षांचे असताना तापानं फणफणले होते. तेव्हा सासूबाईंनी नृसिंहवाडीच्या दत्ताला नवस बोलला, की पोर उठून बसलं तर जोडीनं दर्शनाला येऊ, घरापासून अनवाणी. उशाशी बसलेले आप्पा तेव्हा "येईन" म्हणाले होते. पोर उठलं, पळायला लागलं, शाळेत गेलं, नोकरीला लागलं, माझ्याशी लग्न करून मोकळं झालं, तरी आप्पांचा पुढचा गुरुवार काही उजाडला नाही. ते एसटीत कंट्रोलर होते. जत्रेला वाडीच्या जादा गाड्या तेच सोडायचे. सासूबाईंनी विषय काढला की म्हणायचे, "मी सगळा जिल्हा दत्ताच्या पायाशी नेऊन सोडला. तो माझी गैरहजेरी मांडणार नाही." सासूबाई एकट्या वाडीला जाऊन यायच्या, पण जोडीचा नवस एकटीनं फिटत नाही. आता त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. "मागायचं तेवढं मागून झालं," असं त्या जाताना म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

राहिला प्रश्न माझ्या नेमाचा. श्रावणभर संध्याकाळी देवापुढं दिवा लावायचा, हातात अक्षता घ्यायच्या, त्या वाराची कहाणी सांगायची, ऐकणाऱ्यानं मध्ये न बोलता नुसतं 'हूं' म्हणायचं, संपली की अक्षता देवाला वाहायच्या आणि मगच पानावर बसायचं. हूं म्हणायला आजवर सासूबाई होत्या. आता कोण? हे कारखान्यातून यायचे ते अर्धे झोपेतच, दुसऱ्या वाक्याला घोरायचे, आणि घोरणं हुंकारात धरता येत नाही. शेजारणी मागांसाठी सुताच्या कांड्या भरण्यात गुंतलेल्या. पहिल्या संध्याकाळी मी तुळशीपुढं बसून पाहिलं. तुळस पवित्र खरी, पण ती हूं म्हणत नाही. त्या रात्री मी पाणी पिऊन निजले.

दुसऱ्या दिवशी आप्पांना भरवताना त्यांनी विचारलं, की तुझा आवाज एवढा खोल का गेलाय. मी आधीच हळू बोलणारी. उपाशी पोटी आणखी हळू बोलत असणार. कारण सांगितलं तेव्हा ते गालातल्या गालात हसले. म्हणाले, आपण एक करू. पण त्यांचं एक म्हणजे नेहमी दोन असायचं.

त्यांचं दुखणं निराळंच होतं. त्या वर्षी दर गुरुवारी दिवेलागणीला टीव्हीवर 'निळा थांबा' नावाची मालिका लागायची. आमच्या गल्लीत ती बघणारा एकच माणूस, तो म्हणजे आप्पा. अंतराळाच्या कडेला एक थांबा आहे, तिथं यानं येतात, इंधन घेतात, पुढं जातात. त्या थांब्यावर एक बाई एकटी राहते, येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवते. एक कप्तान तिला सांगून जातो, की परत येतो आणि तुला पृथ्वीवर नेतो. बस्स. यानाच्या भिंती अंड्यांच्या ट्रेना निळा रंग देऊन केलेल्या, हे मलासुद्धा ओळखू येत होतं, आणि आमच्या घरात अंडं कधी आलेलं नव्हतं. बोलणं कमी, धूर फार. बाकी सगळे त्या वेळी फिरायला जायचे. आप्पा मात्र खुर्ची पुढं ओढून बसायचे आणि यान सुटलं की घड्याळ बघायचे.

आता शेवटचे काही भाग राहिले होते, आणि डोळ्यांवर पट्टी. टीव्ही पुढच्या खोलीत, आप्पा मागच्या खोलीत. त्यांच्या खिडकीला लागूनच शेजाऱ्यांचे विजेवरचे माग. त्या खडखडाटात पुढचं काही ऐकू यायची सोय नाही. मी देवरुखची. इचलकरंजीत लग्न होऊन आले तेव्हा या मागांनी मला आठवडाभर झोपू दिलं नव्हतं. आप्पा म्हणायचे, "तुमची झोप आवाजानं मोडते, आमची माग थांबले की मोडते." मला ती थट्टा वाटायची.

तर करार असा, की आप्पा रोज माझी कहाणी ऐकतील, मध्ये बोलणार नाहीत, हूं म्हणतील. बदल्यात गुरुवारी मी टीव्हीपुढं बसायचं, सगळं बघायचं आणि त्यांना सांगायचं. मी टीव्हीवर भरतकामाचा रुमाल टाकून त्याला पाठ करून जप करणारी बाई. पण भूक लागली होती. मी हो म्हटलं.

पहिल्या गुरुवारी मी रुमाल उचलला, टीव्हीला नमस्कार केला (मला कुठलीही गोष्ट सुरू करताना नमस्काराची सवय आहे) आणि बघत बसले. कप्तानाबरोबर एक लोखंडी गडी होता. तो जेवत नसे. मला त्याची दया आली, कारण ज्याला जेवणच नाही त्याला उपवासाचं पुण्य कसं मिळणार? मग एका ग्रहावरून तीन डोळ्यांचा म्हातारा आला, तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले.

सांगायला बसले आणि काही सुचेना. विज्ञानातलं मला काय कळतं? मग हातात अक्षता घेतल्या. अक्षता घेतल्या की माझी जीभ सुटते.

"आटपाट आकाश होतं," मी म्हटलं. "तिथं एक कप्तान होता. त्याला एक लोखंडी गडी होता. गडी गुणाचा होता, पण त्याला देव ठाऊक नव्हता."

आप्पांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण करारानं ते गिळलं गेलं. बाहेर आलं ते एक लांबलचक, वर चढत जाणारं हूं. सासूबाईंचं हूं एकाच पट्टीतलं असायचं. आप्पांनी पहिल्या चार दिवसांत हुंकाराची वेगळीच भाषा काढली. आखूड हूं म्हणजे पुढं चल. नाकातून आलेलं हूं म्हणजे हे तू घुसडलंस. दोन तुकड्यांचं हूं म्हणजे यान असं सुटत नसतं. मी कप्तानाला उड्डाणाआधी आंघोळ घातली तेव्हा तर ते हूं इतकं वळसे घेत गेलं, की मला थांबून पाणी प्यावं लागलं.

पण ते माझ्या वाराच्या कहाण्याही ऐकत. सोमवारची ऐकली, शुक्रवारची ऐकली. एका शनिवारी मी एक वाक्य विसरले तर त्यांचं हूं आलंच नाही. मी मागं जाऊन ते वाक्य जोडलं, तेव्हा आलं. त्या दिवशी मला कळलं, हा माणूस खोटं हूं म्हणणार नाही.

पुढच्या गुरुवारी त्यांनी आधीच सांगून टाकलं, "आज दोन-दोन कशाला? तुझी गुरुवारची मला पाठ झाली. अक्षता घेऊन माझीच सांग."

हे नेमात बसतं का, असं मी देवाला विचारलं. देव काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मी होकारात धरलं. वाराची कहाणी सकाळी तुळशीला सांगून ठेवली, म्हणजे कुणाचा राग नको. आणि संध्याकाळची कहाणी निळ्या थांब्याची झाली. पण एक होतं. अक्षता हातात घेऊन सुरू केलेली कहाणी अर्धी टाकता येत नाही. टाकली तर अक्षता तशाच मुठीत राहतात आणि पान वाढून तसंच राहतं.

श्रावणातला शेवटचा गुरुवार आला. मालिकेचाही शेवटचा. सकाळपासून आप्पांना चैन नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी इतके घाबरले नव्हते. चहा देताना त्यांनी मला दोनदा बजावलं, की शेवटी नावं येतात तीही वाचून ये. दुपारी वारा सुटला. मी निर्जळी उपास केला होता. दिवेलागणीला देवापुढं निरांजन लावलं, अक्षता मुठीत घेतल्या आणि टीव्हीपुढं बसले.

कप्तानाचं यान एका अशा ग्रहावर अडकलं होतं, जिथला एक दिवस म्हणजे आपली कित्येक वर्षं. तो तिथून कसाबसा सुटला. लोखंडी गडी त्याला म्हणाला, इंधन एकाच फेरीपुरतं आहे. एक तर पृथ्वी, नाही तर निळा थांबा. दोन्ही नाही. कप्तान बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिला. पृथ्वी दिसत होती, छान गोल, निळी. मग त्यानं दांड्याकडं हात नेला.

आणि लाइट गेली.

पडद्याच्या मधोमध एक ठिपका राहिला, तोही विझला. मी अंधारात बसून राहिले. एकाएकी सगळं फार शांत झालं, अगदी देवरुखच्या घरासारखं. मला वाटलं, अंधारामुळं तसं वाटत असेल. वाट पाहिली. रस्त्यावर लोक बोलायला लागले, की तारा तुटल्यात, आता रात्रीशिवाय काही नाही. मूठ घामेजली, अक्षता तळहाताला चिकटल्या.

"संपलं का गं?" आतून आप्पांचा आवाज आला.

निरांजनाच्या उजेडात घड्याळ बघितलं. मालिकेची वेळ उलटून गेली होती. "संपलं, आप्पा," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. माझ्यापुरतं नसलं तरी मालिका कुठं तरी संपलीच असणार.

निरांजन घेऊन मागच्या खोलीत गेले आणि त्यांच्या खाटेशी बसले. ते उशीला टेकून होते, पट्टीखालचं नाक ताठ, दोन्ही हात मांडीवर. आकाशवाणीवर क्रिकेट ऐकताना बसायचे तसे. ते बघितलं आणि माझा धीर सुटला. यांना जर म्हटलं, की लाइट गेली आणि मी काही बघितलं नाही, तर यांनी एवढे गुरुवार वाट बघितली असं होईल आणि गाडीच येणार नाही. माझीही कहाणी अडकेल. आणि मग, खरं सांगायचं तर, मला आणखी एक सुचलं. उपाशी पोटी माणसाला फार स्वच्छ सुचतं.

मी सुरुवात केली. ग्रह सांगितला, इंधन सांगितलं, गडी काय म्हणाला ते सांगितलं. हूं, हूं, सगळी आखूड हूं येत होती. दांड्यापर्यंत आले. श्वास घेतला.

"कप्तानानं पृथ्वीकडं बघितलं. पृथ्वीवर त्याचं घर होतं, खुर्ची होती, घड्याळ होतं. पण थांब्यावर बसलेल्या बाईला तो येईन म्हणाला होता. गडी म्हणाला, मालक, ती गोष्ट जुनी झाली. ती कधीच निघून गेली असेल. तुम्ही कामाच्या गडबडीत बोलला होतात. असं बोललेलं कुणी धरत नाही."

हूं आलं नाही. मी थांबले. मग आलं, पण अगदी खालच्या पट्टीत.

"कप्तानानं दांडा थांब्याकडं वळवला. पोचला. बघतो तो थांबा अंधारा. निळा रंग उडालेला. बाई म्हातारी झाली होती. गुडघे धरून बसली होती. तिनं रोज ताट मांडलं होतं आणि रोज झाकून ठेवलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायची, मागायचं तेवढं मागून झालं, आता नुसती बसलेय. कप्तान म्हणाला, मला उशीर झाला. बाईनं तोंडातून वाईट शब्द काढला नाही. म्हणाली, हात धुऊन ये. मग दोघं उठली आणि जिथं जायचं होतं तिथं, जोडीनं, चालत गेली."

निरांजनाची ज्योत हलत होती. मी शेवट बांधला. "जसं त्या बाईला आपलं माणूस उशिरा का होईना भेटलं, तसं वाट बघणाऱ्या सगळ्यांना भेटो. ही निळ्या थांब्याची कहाणी इथं पुरी झाली."

खूप वेळ काही नाही. मला वाटलं, कळलं यांना, आता हे हूं म्हणणार नाहीत आणि मी अशीच मूठ आवळून बसणार. मग आप्पांनी घसा साफ केला.

"हूं."

पुरतं, सरळ, एका पट्टीतलं. सासूबाईंसारखं.

मी अक्षता देवाला वाहिल्या, स्वयंपाकघरात जाऊन चिमणीच्या उजेडात पानावर बसले आणि चार घास असे जेवले, की चव काही कळली नाही. हात धुतले तेवढ्यात हाक आली.

"कुमुद, जेवलीस?"

"हो, आप्पा."

"पोटभर?"

"हो."

"मग आता बोलायला हरकत नाही." त्यांनी खाटेवर बाजूला सरकून मला बसायला खूण केली. "लाइट केव्हा गेली? कप्तानानं दांडा धरायच्या आधी की नंतर?"

डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला अंधार कसा कळला?

"देवरुखकर," ते म्हणाले. थट्टेच्या वेळी ते मला माहेरच्या गावानं हाक मारायचे. "खिडकीशी माग आहेत की नाही? ते थांबले तेव्हा मी उठून बसलो. साऱ्या गावाला कळलं, तुलाच तेवढं कळलं नाही. तू आपली निरांजन घेऊन आलीस आणि यान उडवायला लागलीस."

मी मान खाली घातली. म्हटलं, आप्पा, मग तुम्ही मला अडवलं का नाहीत?

"तुझ्या मुठीत तांदूळ होते," ते म्हणाले. "मधे बोललो असतो तर तू उपाशी राहिली असतीस."

नवस-नेम न मानणाऱ्या त्या माणसानं माझा नेम माझ्यापेक्षा नीट पाळला होता. मी निरांजन पुढं सरकवलं. तेवढ्यात गल्लीत कुणी तरी ओरडलं, बल्ब लुकलुकले आणि खिडकीशी माग पुन्हा खडखडायला लागले. त्या आवाजात आप्पांनी काही तरी विचारलं. मला कान जवळ न्यावा लागला.

"ती म्हातारी काय म्हणाली म्हणालीस? मागायचं तेवढं?"

"मागून झालं," मी म्हटलं.

"हे तिनं तुला सांगितलं होतं?"

"कुणी, आप्पा? थांब्यावरच्या बाईनं?"

पट्टीखाली त्यांच्या मिशा हलल्या. "तुला नाव काढायची बंदी केली असेल," ते म्हणाले. मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. मी फक्त हूं म्हटलं, आखूड, पुढं चल असं.

त्या मालिकेचा खरा शेवट काय होता, ते मला अजून ठाऊक नाही. आता घरात मोठा टीव्ही आहे. संध्याकाळचा जप झाला की मी नातवंडांबरोबर यानं बघते, ग्रह फुटताना बघते, आणि लोखंडी गडी आता दिसायला माणसांपेक्षा देखणे आहेत. पोरं मला विचारतात, आजी, सगळ्यात भारी कुठली? मी 'निळा थांबा' म्हणते. त्यांनी शोधून पाहिली. कुठं नाव नाही, फोटो नाही, कुणाला आठवत नाही. नातू म्हणतो, ती तूच रचली असशील. मी म्हणते, शेवटचा भाग तेवढा.

तर आप्पांची पट्टी निघाली, काळा चष्मा आला. सासूबाई बाळंतपण उरकून नवरात्राच्या तोंडाशी परतल्या. आल्या त्या दिवशी त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, की वाडीचं नाव काढलं नाहीस ना? मी देवाकडं बोट दाखवून म्हटलं, एकदाही नाही. त्यांनी माझ्याकडं जरा रोखून पाहिलं. मग म्हणाल्या, यांनी मला चहा करून दिला, डोळ्यांबरोबर आणखी कशाचं ऑपरेशन केलं की काय? मी भाजी चिरत राहिले.

नवरात्र उठलं. त्यानंतरच्या गुरुवारी मी पहाटे फुलं काढायला उठले. माजघरात कुजबुज चालली होती. सासूबाई म्हणत होत्या, आज कुठं, माझे गुडघे, आणि तुमचे डोळे. आप्पा खालच्या आवाजात काही समजावत होते. मी अंधारातच थांबले. दाराची कडी हळू निघाली. एक काठी टेकल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या काठीचा. गल्लीत माग चालू होते, त्यात पावलं ऐकू येत नव्हती.

फुलांची परडी घेऊन दाराशी गेले. उंबऱ्याजवळ दोन जोड शेजारी शेजारी लावून ठेवलेले होते. सासूबाईंच्या चपला, आणि त्यांना लागून आप्पांच्या वहाणा.